किल्ल्या आणि कुंड्या

आमच्या सोसायटीत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येतं, घराची किल्ली हातात ठेवतं आणि म्हणतं, "झाडांना तेवढं पाणी घाला हं, वहिनी." पुण्यात कोथरूडला आमची सात मजल्यांची इमारत आहे. बऱ्याच घरांतली मुलं परदेशात. त्यामुळे कुणी लेकीच्या बाळंतपणाला जातं, कुणी नातवंडं सांभाळायला, आणि एकदा गेलं की पाच-सहा महिने परत येत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या कुंड्यांची जबाबदारी मी आवडीने घेतली आहे.

ज्यांच्यासाठी किल्ल्या येतात ती झाडंही आता ठरल्यासारखीच आहेत. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी, सिंगोनियम, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा, स्पायडर प्लांट, हॉलच्या कोपऱ्यात एखादा रबर नाहीतर अरेका पाम. "काही करावं लागत नाही, आठवड्यातून दोनदा पाणी घाला, बास," असं सांगून नर्सरीवाले ही झाडं देतात. त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसऱ्या वाक्यामुळे मात्र किती झाडं जातात, ते मी दारोदारच्या कुंड्या बघून सांगू शकते. ही झाडं फार थोडं मागतात, पण जे मागतात ते प्रत्येक घरात वेगळं असतं, आणि ते कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या मैत्रिणीने एकाच नर्सरीतून एकाच दिवशी स्नेक प्लांट आणले. कुंड्या सारख्या, मातीही सारखी. एका उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. सातव्या मजल्यावरची कुंडी पश्चिमेच्या गॅलरीच्या दाराशी होती आणि तिची माती आठवड्याभरात तळापर्यंत कोरडी होत होती. दुसऱ्या मजल्यावरची कुंडी डक्टकडच्या खिडकीपाशी, टीव्हीच्या शेजारी. तिथली माती तीन आठवड्यांनंतरही बोटाला गार लागत होती. दोघींनी मला सांगितलं होतं एकच, आठवड्यातून एकदा. वरच्या घरी ते जेमतेम पुरलं असतं. खालच्या घरी त्याच हिशोबाने पाणी घातलं असतं तर पावसाळ्याच्या आत झाड कुजलं असतं.

याचं कारण उजेडात आहे. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि त्यातलं बहुतेक पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत सोडून देतं. उजेड भरपूर असेल तर पानं अन्न तयार करतात, छिद्रं उघडी राहतात आणि पाणी झपाट्याने खर्च होतं. उजेड कमी असेल तर सगळंच मंदावतं आणि कुंडीत घातलेलं पाणी तसंच पडून राहतं. आपल्या डोळ्यांना खोलीतला अंधार आणि उजेड नीट कळत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. बाहेर भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. खिडकीपासून आठ-दहा फुटांवर, आपल्याला जिथे आरामात पेपर वाचता येतो तिथे, कित्येकदा पाचशेही भरत नाही. हल्ली फोनवर प्रकाश मोजता येतो. अगदी अचूक आकडा मिळत नसला तरी दोन कोपऱ्यांतला फरक चांगला कळतो. कुठल्याही नव्या घरी पाणी घालायला गेले की मी आधी खिडकी कुठे आहे आणि कुंडी तिच्यापासून किती लांब आहे ते बघते. पाण्याचा विचार त्यानंतर.

ही झाडं घरात तगतात याचंही कारण उजेडच आहे. त्यातली बरीच झाडं उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलांतली. तिथे उंच झाडांच्या छत्रातून गाळून खाली जमिनीपर्यंत येणारा प्रकाश माथ्यावरच्या उन्हाच्या एक-दोन टक्केच असतो. तेवढ्यावर जगायची सवय असलेली झाडं आपल्या हॉलमध्ये निभावून नेतात. माझं माहेर कोकणातलं, पोफळीच्या बागेतलं. भर दुपारी तिथे ऊन जमिनीवर फक्त कवडशांनी उतरायचं, आणि त्या सावलीत मिरीचे वेल आणि अळू मजेत वाढायचे. मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा, झीझी आणि मॉन्स्टेरा ही सगळी अळूच्याच कुळातली. अळूचं पान नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच स्फटिक या झाडांतही असतात. म्हणून रांगतं बाळ किंवा मांजर असलेल्या घरी मी या कुंड्या उंचावर ठेवायला सांगते. कटिंग केल्यावर लागलेला चीक डोळ्याला जाऊ नये म्हणून हातही लगेच धुते.

उजेडानंतर मी माती बघते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे झीझीची मोठी कुंडी होती. काका-काकू मुलाकडे गेले होते. घर झाडायला येणाऱ्या मावशींकडे पाण्याचं काम होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं होतं. मला बोलावून म्हणाल्या, "ताई, रोज तांब्याभर घालते मी, एक दिस चुकवला न्हाई. तरी पिवळंच पडतंय." दांडे बाहेरून धडधाकट दिसत होते, पण एकाला हात लावला तर तो बुडाशी डुगडुगला. आम्ही गॅलरीत पेपर अंथरला, कुंडी आडवी करून कडेने थोपटली आणि झाड बाहेर काढलं. मातीचा गच्च ओला गोळा निघाला, त्याला आंबूस वास होता. झीझीला मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, पाणी त्यात साठतं. दोन गड्डे दाबून पाहिले तर टणक होते. तिसऱ्यात बोट रुतलं आणि तपकिरी पाणी आलं. चांगली मुळं पांढुरकी आणि ताठ होती. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा.

मावशी बराच वेळ बघत होत्या. "म्हंजे पान्यानंच मेलं व्हय हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाण्याने नाही मावशी, श्वास कोंडल्याने." मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मुळंही श्वास घेतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. पाणी घातलं की ती हवा बाहेर ढकलली जाते. पाणी निथळून गेलं की पोकळ्यांत पुन्हा हवा शिरते. पण रोज रोज पाणी पडत राहिलं तर हवेला आत यायला फुरसतच मिळत नाही. मुळं गुदमरून मरायला लागतात, मग पिथियमसारखे ओलाव्यात फोफावणारे रोगकारक जीव त्यांच्यावर चढतात. मुळं गेली की झाड पाणी ओढू शकत नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात. वरून बघणाऱ्याला वाटतं की झाड तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. इथे सगळा घोळ होतो. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं. खरं काय ते मातीच सांगते.

कुजलेला भाग आम्ही स्वच्छ सुरीने कापून टाकला, कापलेले गड्डे दिवसभर सावलीत सुकू दिले आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात पुन्हा लावले. आठवडाभर पाणी अजिबात नाही. त्यानंतरही अगदी बेताने. पावसाळा संपता संपता मातीतून हिरवागार कोंभ वर आला. मावशींनी तो मला बोलावून दाखवला. आता त्यांच्या हातात असलेल्या चारही घरांतल्या कुंड्या त्या माती बघितल्याशिवाय भिजवत नाहीत.

माती बघायची माझी पद्धत साधी आहे. उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती बांबूची काडी मी जपून ठेवते. ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत घालायची, दोन मिनिटं ठेवायची आणि बाहेर काढायची. काडीला माती चिकटून आली किंवा काडी ओलसर, गडद दिसली तर आत पाणी आहे. काडी कोरडी, स्वच्छ आली तर माती वाळली. वरची माती फसवते. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर दोन दिवसांत पांढरा पडतो आणि खाली चार बोटांवर चिखल असतो. कोकोपीट भरलेल्या कुंडीत तर हे हमखास होतं. लहान कुंडी असेल तर मी ती उचलूनच बघते. भरपूर पाणी दिल्यावरचं वजन आणि कोरडी झाल्यावरचं वजन हाताला एकदा कळलं की काडीचीही गरज पडत नाही.

वेळ आली की पाणी मात्र पोटभर द्यायचं. सगळ्या बाजूंनी सावकाश, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. रोज अर्धा पेला पाणी घालत राहिलं तर वरचाच थर भिजतो आणि तळाची मुळं कोरडी राहतात. पोटभर दिल्याने साठलेले क्षारही धुऊन जातात. पंधरा-वीस मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाकायचं. शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत आतली प्लॅस्टिकची कुंडी ठेवलेली असेल तर ती उचलून बघायचीच, कारण बाहेरच्या कुंडीत महिनोन् महिने पाणी साठलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कधी माती इतकी वाळते की पाणी आत मुरतच नाही, कडेने सरळ खाली उतरतं. कोकोपीट पूर्ण कोरडं झालं की पाणी झटकतं. अशी कुंडी मी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवते, म्हणजे ती खालून पाणी शोषून घेते.

नर्सरीतून आणलेलं झाड आहे त्याच मातीत वर्षानुवर्षं ठेवू नये. पुण्यात येणारी पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात, आणि कित्येक रोपांच्या मुळाशी चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. बाहेर उन्हात तो वाळतो, घरात वाळत नाही. मी दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट आणि एक भाग गांडूळखत असं मिश्रण करते, त्यात मूठभर निंबोळी पेंड. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी वाळू दुप्पट. शेतातली काळी माती पिकाला उत्तम, पण कुंडीत ती ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटंच मोठी घ्यायची. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल असं वाटतं, पण मुळं पोचलेली नसतात त्या भागातली माती ओलीच राहते आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते.

आता एकेका झाडाबद्दल. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, कोरड्या खडकाळ जागीही तगणारा. बहुतेक झाडांच्या उलट त्याची छिद्रं रात्री उघडतात आणि दिवसा बरीचशी मिटलेली असतात. रात्रीच्या गारव्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो साठवून ठेवतो आणि दिवसा उजेडात त्याचं अन्न करतो. त्यामुळे दुपारच्या झळांत त्याचं पाणी उडत नाही. "हे झाड रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा," असं जे सांगतात ते यावरूनच निघालेलं आहे, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. या झाडाच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी ओतायचं नाही, नेहमी कडेने मातीत घालायचं. खरंच तहान लागली की त्याच्या पानांवर उभ्या सुरकुत्या पडतात. तोपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही. पिवळ्या कडेच्या जातीचं पान कापून लावलं तर नवं रोप निव्वळ हिरवं येतं. पिवळी कड हवी असेल तर मुळाशी आलेला फुटवाच वेगळा करावा लागतो.

झीझी पूर्व आफ्रिकेतला. गड्डे, जाड दांडे आणि मेणचट पानं अशा तिन्ही ठिकाणी तो पाण्याची सोय करून ठेवतो. फारच कोरडं पडलं तर पानं गाळून तो गड्ड्यांवर जगतो. काहीच न केलेलं त्याला चालतं. मनीप्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरचा. चोरून आणला तरच फळतो असं आपल्याकडे म्हणतात, आणि एवढ्याशा कांडीवर तो जगतो हेही खरंच. जवळजवळ सगळीकडे तो कांड्यांनीच पसरला आहे, फूल त्याला सहसा येतच नाही. कोकणात नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेल्या मनीप्लांटची पानं सुपाएवढी होतात आणि कडेने फाटतात. तोच वेल शेल्फवरून खाली लोंबत ठेवला की पानं लहान लहान होत जातात. चढायला काठी दिली की पुन्हा मोठी. त्याला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, अर्थात काडी घालून बघूनच.

पीस लिलीचा स्वभाव या सगळ्यांहून वेगळा. तिला ओलावा आवडतो आणि तहान लागली की ती अंग टाकून देते, सगळी पानं कुंडीच्या कडेवर लोळतात. पाणी घातलं की काही तासांत पुन्हा उभी. पण वारंवार इतकं थकवलं तर पानांच्या कडा करपतात, म्हणून पानं किंचित मऊ वाटली की द्यावं. स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेकडचा. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर बाजारात येणारी फोडशीची भाजी याच प्रजातीतली, आणि दोघींचीही मुळं मांसल असतात. त्यामुळे तो कोरडेपणा सोसतो, पण क्षार त्याला सोसत नाहीत. बोअरचं जड पाणी किंवा आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी रोज घातलं की त्याची टोकं तपकिरी होतात आणि मातीवर पांढरी साय धरते. पाणी वाचवायची कळकळ मला पटते. म्हणून ते सोडलेलं पाणी फरशी पुसायला घ्या असं मी सांगते. कुंड्यांसाठी तांदूळ-डाळ धुतलेलं पहिलं पाणी चांगलं, पावसाचं त्याहून चांगलं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून घातलं तरी पुरतं.

रबराचं झाड तर आपल्याच देशातलं, ईशान्येकडचं. मेघालयात खासी लोक त्याच्या लोंबत्या मुळांना वळण देऊन नद्यांवर जिवंत पूल बांधतात. ते घरात ठेवल्यावर त्याला एकच गोष्ट आवडत नाही, ती म्हणजे सतत जागा बदलणं. कुंडी हलवली की पानं गळतात आणि लोक घाबरून पाणी वाढवतात. अशा वेळी काही करायचं नसतं, थांबायचं असतं.

ऋतूंचा हिशोब पुण्यापुरता सांगते. मार्च ते मे हवा कोरडी, कुंड्या भराभर वाळतात, त्यामुळे माती बघायची वेळ चार दिवसांवर येते. जून लागला की आभाळ भरून येतं, उजेड कमी होतो, हवेत इतकी आर्द्रता असते की माती वाळायलाच तयार नसते. सर्वांत जास्त झाडं जुलै-ऑगस्टमध्ये जातात, कारण मेमधली सवय हाताला तशीच राहिलेली असते. स्नेक प्लांट आणि झीझीला या काळात मी तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी देते, कधी तेही नाही. ऑक्टोबरात ऊन तापलं की पुन्हा थोडं वाढवायचं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि ही उष्ण प्रदेशातली झाडं वाढ थांबवतात. तेव्हा पाणी कमी, खत बंद, आणि पाणी सकाळी ऊन आल्यावरच. कोकणात किंवा मुंबईत हवा बारा महिने दमट, तिथे याहून कमी लागेल. नागपूरच्या मे महिन्यात याहून जास्त.

पाण्याखेरीज करायचं ते थोडकंच. महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसायची. पुण्यातल्या धुळीचा थर बसला की पानाला मिळतो तो थोडाथोडका उजेडही अडतो. पुसता पुसता पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवात असेल तर ओल्या कापसाने पुसून काढते आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारते. मातीभोवती बारीक काळी चिलटं उडायला लागली तर औषध शोधायच्या आधी माती वाळू द्यावी, कारण त्यांच्या अळ्या ओल्या मातीतच जगतात. खत म्हणून फेब्रुवारी ते ऑक्टोबर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत. खत कमी पडलं म्हणून कुठलं झाड मेलेलं मी पाहिलं नाही.

हवा शुद्ध करण्याबद्दलही मला लोक विचारतात. 1989 साली नासाने केलेल्या प्रयोगांत काही झाडांनी हवेतली रसायनं कमी केल्याचं दिसलं होतं, पण ती झाडं लहानशा बंद पेट्यांत ठेवलेली होती. 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा कळलं की खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटर जागेत कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त हजार झाडं लागतील. तेव्हा शुद्ध हवेसाठी खिडकी उघडावी. झाड घरात ठेवायला ते हिरवं आहे, जिवंत आहे, एवढं कारण मला पुरतं.

बाटलीतल्या मनीप्लांटबद्दल मात्र मी कडक आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. म्हणून कुलूप असलेल्या प्रत्येक घरी मी दर रविवारी बाटल्यांचं पाणी पूर्ण बदलते, आतली बाजू ब्रशने घासते कारण अंडी काचेला चिकटून राहतात, आणि कुंड्यांखालच्या बश्या कोरड्या करते. सरकार जो कोरडा दिवस पाळायला सांगतं तो हाच, आणि तो पाळायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पाणी घालायला कुणीच नसेल तरी ही झाडं राहतात. पंधरा दिवस-महिन्यासाठी जाणाऱ्यांना मी सांगते की निघायच्या दोन दिवस आधी पोटभर पाणी द्या, निथळू द्या आणि कुंड्या खिडकीपासून चार-पाच फूट आत घेऊन एकमेकींजवळ ठेवा. उजेड कमी झाला की खर्च कमी होतो, आणि जवळजवळ ठेवल्याने भोवतीची हवा थोडी दमट राहते. स्नेक प्लांट आणि झीझीला एवढं पुरतं. पीस लिलीसाठी शेजारी थोड्या उंचीवर झाकलेली बादली ठेवून जाड सुती दोरीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत खोलवर खोचायचं. दोरीतून पाणी झिरपत राहतं. जायच्या आधी चार दिवस करून बघावं, म्हणजे दोरी किती ओढते याचा अंदाज येतो.

पहिल्यांदाच झाड घेणाऱ्याला मी एकच घ्यायला सांगते, आणि ते येता-जाता नजर पडेल अशा जागी ठेवायला. पहिला महिना पाणी घालायची घाई नको. काडी घालून बघायची, कुंडी उचलून बघायची, माती किती दिवसांत वाळते ते कॅलेंडरवर लिहायचं. पावसाळ्यात पुन्हा लिहायचं, थंडीत पुन्हा. वर्षभरात त्या घरातल्या त्या कोपऱ्याचा खरा हिशोब हातात येतो, आणि तो कुठल्याही नर्सरीवाल्याला किंवा मलाही सांगता येणार नाही. ठरावीक वारी पाणी घालण्यापेक्षा ठरावीक वारी माती बघावी. त्या दिवशी माती ओली निघाली तर काहीही न करता पुढे जावं, झाडाची काळजी त्यातही घेतली जाते.